पप्पा, आता ओरडू काय?

ताई, नमस्कार.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतला, वय ४१, शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत कामाला. शाहू स्टेडियमवर मॅच बघायला शाळेत असल्यापासनं जातोय. यंदापासनं पोराला घेऊन जायला लागलो, तो सात वर्षांचा आहे. मागच्या महिन्यात आमच्या तालमीच्या फुटबॉल संघाची सेमीफायनल होती. एक-एक बरोबरी, शेवटची चार-पाच मिनिटं. आमच्या फॉरवर्डनं पास घेतला, गोलकीपरला चकवला आणि चेंडू जाळ्यात. मी पोराला खांद्यावर घेऊन नाचलो. डोळ्यांत पाणी आलं. खालच्या पायरीवरच्या माणसाला मिठी मारली, त्याचं नावसुद्धा माहीत नाही. आणि बघतो तर लाइन्समनचा झेंडा वर! ऑफसाइड. आमचं सगळ्यांचं नाचून झाल्यावर मुद्दाम वर केल्यासारखा. समोरची गॅलरी हलगी वाजवायला लागली. मी लाइन्समनला दोन शब्द बोललो, पोराला खाली उतरवलं, म्हटलं, "उगाच ओरडलो बघ, गप बस आता." पुढं टायब्रेकरला हरलो.

रात्री कुणीतरी माझा नाचतानाचा व्हिडिओ ग्रुपवर टाकला. तो कंपनीत पोचला, सासरवाडीत पोचला. आता मिळेल त्याच्या मोबाइलवरनं काढून टाकायला लावतोय. मेहुणा पलीकडच्या तालमीचा. अजून फोन केला की आधी विचारतो, "काय दाजी, झाला काय गोल?"

तेव्हापासनं ठरवलं, पंचानं सेंटर दिल्याशिवाय, म्हणजे गोल धरल्याशिवाय, जागचं उठायचं नाही. पण परवा आमचा चांगला चोख गोल झाला, गॅलरी उठली आणि पोरगं बसूनच. माझ्या तोंडाकडं बघून म्हणालं, "पप्पा, आता ओरडू काय?" ताई, तेव्हापासनं जीव थाऱ्यावर नाही. माझं चुकलं काय? एवढ्या वयाच्या बाप्यानं असं नाचू नये काय? रविवारी परत मॅच आहे.

— मंगळवार पेठेतला एक बाप


दादा,

तुमच्या पत्रात तुमच्या तालमीचं नाव होतं, समोरच्या तालमीचंही होतं. दोन्ही मी काढली. शिवाजी पेठेतल्या, जुन्या बुधवारातल्या, फुलेवाडीतल्या कुठल्याही बापाला हे पत्र आपलंच वाटावं म्हणून. आणि वाटेलच. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर बसलेल्या प्रत्येकानं कधी ना कधी न धरलेल्या गोलावर उडी मारलेली आहे.

उत्तर आधी देते. नाचावं. चेंडू जाळ्यात गेला त्या क्षणी नाचावं, पंच काय ठरवतो त्याची वाट न बघता नाचावं, आणि एक्केचाळिसाव्या वर्षी नाचलात तसंच एकसष्टाव्या वर्षीही नाचावं. तुमचं चुकलं ते नाचण्यात नव्हे. चुकलं ते त्याच्या पुढच्या दोन मिनिटांत, आणि ती दोन मिनिटं तुम्ही पत्रात एका वाक्यात उरकलीत. त्यावर मी येणारच आहे. पण आधी त्या झेंड्याबद्दल बोलू, कारण "मुद्दाम वर केल्यासारखा" हे तुमचे शब्द मला टोचलेत.

माझे थोरले मामा बरीच वर्षं स्थानिक सामन्यांत लाइन्समन म्हणून उभे राहायचे. आता ते नाहीत. लहानपणी मी त्यांना हेच विचारलं होतं, की मामा, तुम्ही झेंडा आधीच का वर करत नाही, लोक नाचायच्या आधी? त्यांनी अंगणात चिंचोके मांडून मला समजावलं होतं. ऑफसाइड जागी, म्हणजे पास सुटताना चेंडूच्या आणि समोरच्या शेवटच्या डिफेंडरच्याही पुढं, नुसतं उभं राहणं हा गुन्हा नाही. त्या खेळाडूनं चेंडू खेळला, किंवा समोरच्याच्या आड आला, तरच गुन्हा. म्हणजे लाइन्समनला दिसलं तरी थांबावं लागतं. पास त्याच्याकडंच जातोय का, की मागून पळत येणारा दुसराच कुणी चेंडू घेणार? तो दुसरा ऑफसाइड नसेल आणि झेंडा आधीच वर गेला, तर चांगला गोल मेला. म्हणून तो थांबतो. तो थांबलेला असतो तेवढ्यात चेंडू जाळ्यात जातो आणि गॅलरी हवेत असते.

दुसरी गोष्ट त्यांनी सांगितली ती मला जास्त लक्षात राहिली. ऑफसाइड मोजायचा तो आपल्या खेळाडूच्या पायातनं पास सुटला त्या क्षणी. पास देणारा मैदानाच्या मधे, पास घेणारा तीस-चाळीस मीटर पुढं. दोघं एका नजरेत मावत नाहीत. मामा म्हणायचे, "डोळे शेवटच्या डिफेंडरच्या रेषेत ठेवायचे आणि कान चेंडूवर. पायाचा ठप् आवाज आला की डोळ्यांपुढचं चित्र गोठवायचं." दादा, भरलेल्या शाहू स्टेडियमवर, दोन्हीकडनं शिट्ट्या आणि आरडाओरडा चालू असताना, तो एक ठप् ऐकायचा. डोकं, धड आणि पाय धरायचे, हात धरायचे नाहीत. हे सगळं एका श्वासात. त्यात माणूस चुकेल, दोन्ही बाजूंनी चुकेल. पण मुद्दाम? झेंडा वर करताना हात किती जड होतो ते मामांच्या तोंडून मी ऐकलंय. समोर हजारो माणसं आनंदात असतात आणि तो आनंद आपल्याला खाली उतरवायचाय हे त्या एकट्या माणसाला माहीत असतं.

आणि माणसाच्या जागी यंत्र आणलं तरी लोक आधी उड्या मारायचे थांबत नाहीत. २०२२ च्या कतारमधल्या वर्ल्डकपला स्टेडियमच्या छताखाली बारा कॅमेरे होते. प्रत्येक खेळाडूच्या अंगावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपले जात होते, चेंडूच्या पोटात बसवलेलं यंत्र सेकंदाला ५०० वेळा खबर देत होतं. २२ नोव्हेंबरची अर्जेंटिना–सौदी अरेबिया मॅच आठवते? आपल्याकडं दुपारी साडेतीनला. मेस्सीनं दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि त्यानंतर पूर्वार्धातच अर्जेंटिनानं आणखी तीनदा चेंडू जाळ्यात घातला. एकदा मेस्सीनं, दोनदा लाउतारो मार्टिनेझनं. तिन्ही ऑफसाइड, तिन्ही रद्द. माझ्या भाच्याच्या घरी त्या दिवशी निळ्या-पांढऱ्या जर्सीतली पंधरा-वीस पोरं दाटीवाटीनं बसली होती. तिन्ही वेळा ती पोरं उठली. तिसऱ्या वेळेलाही घर हादरलं. मॅच सौदीनं दोन-एकनं जिंकली आणि ती पोरं माना खाली घालून घरी गेली. मला अजून बरं वाटतं की ती तिसऱ्या वेळेलाही उठली. अठरा डिसेंबरला तोच संघ जगज्जेता झाला तेव्हा उठायची सवय त्यांच्या अंगात शिल्लक होती.

तुम्ही वयाचं विचारलंत म्हणून आणखी एक सांगते. १७ एप्रिल २०१९, चॅम्पियन्स लीगची उपांत्यपूर्व फेरी, मँचेस्टर सिटी आणि टॉटनहॅम. सिटीला पुढं जायला आणखी एक गोल हवा होता. भरपाईच्या वेळात स्टर्लिंगनं तो मारला. सिटीचे प्रशिक्षक पेप ग्वार्डिओला तेव्हा ४८ वर्षांचे, फुटबॉलमधला प्रत्येक इंच मोजणारा माणूस. ते हात पसरून रेषेलगत धावत सुटले. मग व्हीएआरनं, म्हणजे व्हिडिओवर तपासणाऱ्या पंचांनी, बघितलं, त्याच चालीत आगुएरो ऑफसाइड होता. गोल गेला. दोन्ही मॅच मिळून चार-चार बरोबरी राहिली आणि दुसऱ्याच्या मैदानावर जास्त गोल केले म्हणून टॉटनहॅम पुढं गेलं. ग्वार्डिओला गुडघ्यावर बसले. हे सगळं जगानं बघितलं, तुमच्या व्हिडिओपेक्षा कितीतरी जास्त लोकांनी. त्यांना त्यानंतर कुणी कमी हुशार समजलं नाही, आणि पुढच्या गोलाला ते खुर्चीत बसून राहिले असंही झालं नाही.

आता मला जे मनापासून सांगायचंय ते. फुटबॉलच्या नियमपुस्तकात एक नियम आहे, बारावा. गोल केल्यावर खेळाडूनं जर्सी काढली तर त्याला पिवळं कार्ड. हे सगळ्यांना माहीत आहे. पण पुढं त्यात असं लिहिलंय की गोल रद्द झाला तरी ते कार्ड राहतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा थोडी थांबले. गोल झालाच नाही असं पंच म्हणतो, स्कोअर होता तिथं जातो, पण त्या पोरानं जर्सी काढली ती मात्र काढलीच. म्हणजे खेळाचा कायदा स्वतः मान्य करतो की जल्लोष घडला होता. तो पुसता येत नाही. तुम्ही पोराला खांद्यावर घेऊन नाचलात, अनोळखी माणसाच्या गळ्यात पडलात, ते झालं. स्कोअरबोर्डवर एक-एकच राहिला म्हणून ते खोटं होत नाही.

गोल धरला जाणं आणि गोल खरा असणं यांत तसंही अंतर असतं. २७ जून २०१०, दक्षिण आफ्रिकेतला वर्ल्डकप, इंग्लंड आणि जर्मनी. फ्रँक लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून खाली आपटला तो गोलरेषेच्या चांगला आत. टीव्ही बघणाऱ्या शेंबड्या पोराला दिसला, पंचांना दिसला नाही. इंग्लंडच्या लोकांनी उडी मारली ती खऱ्या गोलावर, आणि तो धरला गेला नाही. त्यानंतर गोलरेषेवरच्या यंत्राला २०१२ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१४ च्या वर्ल्डकपला ते बसलं. उलटंही बघा, हे तर आपलंच दुखणं आहे. ११ जून २०२४, दोहा, वर्ल्डकपची पात्रता फेरी. छांगतेच्या गोलानं भारत पुढं होता. त्र्याहत्तराव्या मिनिटाला चेंडू सरळ गोललाइनच्या बाहेर गेलेला, कतारच्या खेळाडूनं तो आत ओढला आणि गोल झाला. आपली पोरं पंचांकडं दाद मागत राहिली. त्या फेरीत व्हीएआर नव्हता. गोल धरला, आपण दोन-एकनं हरलो आणि पुढच्या फेरीची वाट बंद झाली. त्या संध्याकाळी कतारच्या प्रेक्षकांनी जो जल्लोष केला तो कागदावर धरला गेला. तुमचा धरला गेला नाही. दोन्हींत कुणाचं काळीज जास्त खरं होतं, हे मला कागद बघून ठरवता येत नाही.

यावर जगात मोठमोठे लोक भांडतायत. इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन या क्लबनं २०२४ मध्ये व्हीएआर बंदच करा असा ठराव आणला होता. त्यांच्या तक्रारींत एक ठळक तक्रार होती की गोल झाल्यावरचा उत्स्फूर्त आनंद त्यानं मारला. ठराव एकोणीस विरुद्ध एक असा पडला. पण जी गोष्ट एवढ्या मोठ्या क्लबला मतदानाला न्यावीशी वाटली, ती तुम्ही स्वतःच्या हातानं फुकट टाकून देताय. आपल्या स्टेडियमवर तर व्हीएआर नाही. तिथं मिनिट-दोन मिनिटं पडद्याकडं बघत बसायची सक्ती नाही. तरी तुम्ही एकट्यासाठी एक व्हीएआर डोक्यात बसवून घेतलात, आणि तो पोराच्याही डोक्यात बसला.

मी सहा-सात वर्षांची असताना आजोबांनी मला खासबागेत कुस्तीला नेलं होतं. तेव्हा पोरींना कुणी नेत नसे, त्यांनी नेलं. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, मातीच्या हौद्याभोवती चढत गेलेली माणसंच माणसं. आजोबांच्या आवडीच्या पैलवानानं समोरच्याला ढाक लावली, दोघं धाडकन खाली आले, माती उडाली आणि आजोबांनी डोक्यावरचा फेटा काढून वर भिरकावला. त्यांच्याबरोबर शेकडो फेटे उडाले. पंच हौद्यात वाकून बघत होते. एक खांदा लागला होता, दुसरा नव्हता. चितपट नाही. कुस्ती पुन्हा सुरू झाली. पलीकडचे लोक आमच्याकडं बघून शिट्ट्या मारत होते. मी आजोबांच्या तोंडाकडं बघितलं, जसं तुमच्या पोरानं तुमच्या तोंडाकडं बघितलं. आजोबांनी फेटा शोधला, दोनदा झटकला, आणि उभ्या उभ्या, नजर हौद्यावर ठेवून, पुन्हा बांधायला घेतला. मी विचारलं, "आता कशाला बांधताय?" ते म्हणाले, "अगं, परत उडवायला नको काय?"

ती कुस्ती शेवटी बरोबरीत सुटली. फेटा डोक्यावरच राहिला. पण मला त्या दिवसातलं हरलेलं काही आठवत नाही. आठवतो तो झटकलेला फेटा.

आता ती दोन मिनिटं. झेंडा वर गेला आणि तुम्ही दोन गोष्टी केल्यात. लाइन्समनला "दोन शब्द" बोललात. कोणते ते मला विचारायची गरज नाही, मी त्याच गॅलऱ्यांत वाढले. आणि पोराला म्हणालात, "उगाच ओरडलो बघ, गप बस आता." त्या पोरानं आयुष्यात पहिल्यांदा बापाला रडताना आणि नाचताना बघितलं होतं. बापाच्या खांद्यावरनं त्याला सगळं मैदान दिसत होतं. आणि पुढच्याच क्षणी बाप म्हणाला, हे उगाच होतं. ऑफसाइडचा नियम सात वर्षांच्या मुलाला कळत नाही. त्याला कळलं ते एवढंच, की आनंद झाला की आधी विचारायचं. म्हणून तो परवा विचारत होता. तुमच्या जिवाला घोर लागलाय तो याचाच आहे. मेहुण्याचा फोन आणि तो व्हिडिओ ही निमित्तं आहेत.

त्याला आज रात्रीच जवळ घेऊन सांगा. घुमवून-फिरवून नको, सरळ सांगा: "त्या दिवशी मी उगाच ओरडलो असं म्हणालो ते चुकीचं बोललो. मला लई आनंद झाला होता. तू खांद्यावर होतास म्हणून जास्त झाला होता." आणि हेही सांगा की लाइन्समनकाकांना बोललो ते वाईट बोललो. बापानं मुलापुढं चूक कबूल केली तर मान कमी होतो असं आपल्याकडं बरेच पुरुष समजतात. मी शाळेत तीस वर्षं खेळाचे तास घेतले, मला तसं एकदाही दिसलं नाही.

मग त्याला नियम शिकवा. ओरडण्याआधी तपासायला म्हणून शिकवू नका, ओरडून झाल्यावर बघायला शिकवा. यात पोरांना फार मजा येते. गोल झाला, नाचलो, आणि मग दोघांनी मिळून लाइन्समन शोधायचा. गोल चोख असला तर लाइन्समन झेंडा खाली ठेवून मधल्या रेषेच्या दिशेनं पळायला लागतो. काही गडबड असली तर तो जागचा हलत नाही, किंवा झेंडा वर असतो. मग पंचाकडं बघायचं, तो सेंटरकडं हात करतोय का. आणि सेंटर होऊन खेळ पुन्हा सुरू झाला की तो गोल पंचालाही मागं घेता येत नाही. फ्री किकच्या वेळी पंचाचा एक हात सरळ वर असेल तर ती इनडायरेक्ट. दुसऱ्या कुणाला लागल्याशिवाय चेंडू थेट आत गेला तर गोल नाही, गोल किक. थ्रो-इन थेट जाळ्यात गेला तरी तसंच. थ्रो-इन, कॉर्नर आणि गोल किकवरून थेट चेंडू मिळाला तर ऑफसाइड नसतो, हे तर गॅलरीतल्या बऱ्याच मोठ्यांनाही माहीत नसतं. तुमच्या पोराला माहीत असू दे. महिन्याभरात तो आजूबाजूच्या चार माणसांना समजावून सांगेल, लिहून ठेवा.

एका बाबतीत मात्र वाट बघायला मी सांगेन, आणि इथं मी कडक आहे. ज्यानं कुणाला त्रास नाही ते लगेच करा. ओरडणं, नाचणं, मिठी मारणं, रडणं, हे सगळं लगेच. बाकीचं शेवटच्या शिट्टीनंतर. गुलाल शिट्टीनंतर. फटाके तर स्टेडियमच्या आत नकोतच. समोरच्या गॅलरीकडं तोंड करून हातवारे, पाण्याची बाटली भिरकावणं, कुंपणावर चढणं, मैदानात उतरणं, हे गोल धरला तरी नको आणि नाही धरला तरी नको. आपल्या गावात चांगल्या खेळाला अशा हुल्लडबाजीनं किती वेळा डाग लागलाय ते तुम्ही बघितलंय. सामने थांबलेत, पोलीस आत आलेत, आणि ज्या पोरांनी वर्षभर पहाटे उठून सराव केला त्यांचा हंगाम त्यात गेलाय. याच गावातला अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला. तुमचं पोरगं ज्या पायरीवर बसतं तिथनं मैदान फार लांब नाही. त्याला तिथवर जायची इच्छा व्हावी असं वातावरण ठेवणं हे तुमच्या-आमच्या हातात आहे.

मोबाइलचंही तसंच. चेंडू जाळ्यात गेला की स्टेटस टाकायला हात खिशात घालू नका. तो हात पोराला धरायला लागतो. समोरच्याला डिवचणारं तर काहीच टाकू नका, कारण ते पंचानं नाही म्हटल्यावरही फिरत राहतं.

आता मेहुणा. तो पलीकडच्या तालमीचा आहे, म्हणजे तोही असाच कुठंतरी नाचलेला आहे. चिडू नका, फोन टाळू नका. पुढच्या वेळी "काय दाजी, झाला काय गोल?" म्हणाला की सरळ सांगा, "झाला होता. पंचांनी धरला नाही." आवाज चढवायची गरज नाही. त्यात खोटं काही नाही आणि लाजायचंही काही नाही. मग त्याला विचारा, तुझा कधी गेला होता? मी पैजेवर सांगते, तो अर्धा तास बोलेल. तो जेव्हा सांगत असेल तेव्हा पोराला शेजारी बसवा.

आणि तो व्हिडिओ. तुम्ही लिहिलंय की मिळेल त्याच्या मोबाइलवरनं काढून टाकायला लावताय. माझं ऐका, तुमच्या मोबाइलवरचा काढू नका. कुणी हसायला काढला असेल, पण त्यात एक बाप आपल्या मुलाला खांद्यावर घेऊन नाचतोय. तुमच्या वडिलांचा असा एखादा व्हिडिओ असता तर तुम्ही काय दिलं असतंत, याचा विचार करा. शेवटचा भाग, जिथं तुम्ही त्याला खाली उतरवताय, तोही राहू दे. पोरगं वीस वर्षांचं होईल तेव्हा तो भाग तुम्हीच त्याला समजावून सांगाल.

रविवारी मॅच आहे असं तुम्ही शेवटी लिहिलंत. पोराला घेऊन जा. आधी मिसळ खाऊ घाला, लवकर पोचा, त्याला पुढं दिसेल अशी जागा धरा. गोल झाला आणि तो तुमच्या तोंडाकडं बघायला लागला, तर तुम्ही त्याच्याकडं बघत थांबू नका. तुमची नजर मैदानावर असू दे, आणि उठा. पहिल्या दिवशी कदाचित तो थोडा मागं राहील. लहान पोरांना शब्दांवर विश्वास ठेवायला वेळ लागतो, पायांवर लवकर बसतो. तुमचे पाय जमिनीवरनं सुटलेले दिसले की त्याचेही सुटतील. झेंडा वर गेलाच, तर त्याचा हात धरून खाली बसा, लाइन्समनला काही बोलू नका, आणि त्याला विचारा, कोण ऑफसाइड होता दिसलं का तुला?

मला पुढच्या पत्रात स्कोअर नाही कळवलात तरी चालेल. पोरगं तुमच्या आधी उठलं की नाही, तेवढं कळवा.

तुमची,
ताई